पिंजऱ्यात बसणारी बॅग

विमान कंपन्यांच्या नावानं बोटं मोडत नाही असा प्रवासी शोधून सापडायचा नाही. तिकीट स्वस्त म्हणून घ्यावं, तर खिडकीजवळच्या जागेचे पैसे वेगळे, पाय पसरायचे वेगळे, पाण्याच्या बाटलीचे वेगळे, आणि बॅग जरा अंगानं भरलेली निघाली की तिचे तर तिकिटाहून जास्त. विमानतळासमोरच्या बसथांब्याजवळ, जिन्याखालच्या दुकानात बसणारा एक माणूस मात्र या फीबद्दल कधी वाकडा शब्द बोलला नाही. उलट डोक्यावरून विमान गेलं की तो शिलाई मशीन थांबवून वर बघायचा आणि बायकोला म्हणायचा, "बरं चाललंय त्यांचं." त्यांचं बरं चाललं की आपलंही बरं चालतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याला सगळे मापकाका म्हणत. आपणही तेच म्हणू आणि अहो-जाहो करू, कारण माणूस तेवढ्या मानाचा आहे. मोजायचा नाद असा की कुणाकडे गेले तर पाणी बाहेर येईपर्यंत यांची टेबलाची लांबी-रुंदी डोळ्यांनी घेऊन झालेली असायची. एकदा तापानं फणफणले होते, डॉक्टर नाडी बघत होते आणि हे डॉक्टरांची पिशवी बघत होते. शेवटी राहवलं नाही, म्हणाले, "डॉक्टर, चेन दोन बोटं आखूड पडलीय. उद्या पाठवून द्या." डॉक्टरांनी पिशवी खरंच पाठवली.

दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. दाराशी ताठ उभं राहता येई, आत गेलं की मान वाकवायची. एक मशीन, भिंतीला टेकवलेले ताडपत्रीचे आणि जाड कापडाचे गठ्ठे, खिळ्यांना अडकवलेले पट्टे आणि बकलं, आणि काकांच्या गळ्यात कायम लोंबणारी कापडी टेप. दप्तरं शिवायची, तुटलेल्या चेना बदलायच्या, यावर घर चालत होतं. मग बाजारात चाकांच्या तयार बॅगा आल्या, इतक्या स्वस्त की दुरुस्तीपेक्षा नवी घेणं परवडायला लागलं. गिऱ्हाईक आटलं. आठवडेच्या आठवडे काका नुसते मशीनला तेल घालत बसायचे. काकूंनी एकदा हळूच विचारलं होतं, "मशीन विकून टाकायची का?" काका त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच सुमाराला दुसरी विमान कंपनी आली. तोवर गावातून एकच कंपनी उडायची आणि तिचा तोरा असा की विमान म्हणजे साहेबलोकांचं काम. नवीनं आल्या आल्या तिकीट निम्म्यावर आणलं. जुनीनं त्याहून खाली आणलं. दोघींची अशी जुंपली की बसनं जाणारी माणसं विमानात दिसायला लागली. पण कंपनी म्हणजे काही धर्मादाय दवाखाना नव्हे. तिकिटात सोडलेलं बॅगेत वसूल करायचं ठरलं. दोघींनी आपापल्या काउंटरशेजारी एकेक लोखंडी चौकट आणून उभी केली. बॅग तिच्यात अलगद बसली तर हातात घेऊन चला, नाही बसली तर पैसे मोजा. लोक तिला पिंजरा म्हणायला लागले.

या पिंजऱ्याची बातमी काकांना एका नर्सकडून कळली. विमानातून उतरली ती डोळे पुसतच दुकानाशी आली. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची, आणि आज तिकिटापेक्षा जास्त पैसे बॅगेला भरून आली होती. बॅग काकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, हिला कापा."

"कापा म्हणजे?"

"म्हणजे लहान करा. किती ते मला माहीत नाही. त्या पिंजऱ्यात बसायला पाहिजे."

काकांनी दुकान काकूंवर सोपवलं आणि रस्ता ओलांडून विमानतळाच्या बाहेरच्या हॉलमध्ये गेले. दोन्ही पिंजऱ्यांसमोर गुडघे टेकून बसले आणि गळ्यातली टेप लावून लांबी, रुंदी, खोली घेतली. रखवालदार धावत आला. "ओ, काय चाललंय?" काका म्हणाले, "माप घेतोय." रखवालदारानं याआधी पिंजऱ्याचं माप घेणारा माणूस पाहिला नव्हता, त्यामुळे कुठल्या नियमानं हाकलायचं हे त्याला सुचेना. जुन्या कंपनीच्या काउंटरवरची बाई तेवढी हसली आणि म्हणाली, "घेऊ दे रे."

काकांनी नर्सची बॅग कापली नाहीच. तिला नवी शिवून दिली. चाकं नाहीत, कारण चाकं जागा खातात. बाहेर खिसे नाहीत, कारण फुगणारा खिसा पिंजऱ्यात अडतो. सगळं आत. कापड असं की ओढलं तरी हूं की चूं करणार नाही. आणि आतल्या खिशात एक कागद, त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं : ही बॅग पिंजऱ्यात अडली तर फी माझी.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणी उद्या आत अख्खा संसार कोंबला तर?"

"माप बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्या कागदानं काकांचं नशीब पालटलं. नर्सनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. सेल्समन आले, परीक्षेला जाणारी पोरं आली, नातवंडांना भेटायला निघालेल्या आजीबाई आल्या. दोन्ही पिंजऱ्यांची मापं वेगळी, तेव्हा काका आधी विचारायचे, "जुनी की नवी?" चार वर्षांत शेकडो बॅगा गेल्या आणि एकही माणूस फीची पावती घेऊन परत आला नाही. लेकीचं कॉलेज त्यातून झालं, काकूंचे दात झाले, मशीनला मोटर लागली. काकांना याचा मनापासून अभिमान होता आणि तितकेच मनापासून ते उपकार मानायचे, फी लावणाऱ्या कंपन्यांचे. शेजारचा न्हावी त्यांना म्हणायचा, "काका, तुमच्यासारखा माणूस कंपनीनं जाहिरातीत घ्यायला पाहिजे."

आणि मग जुनी कंपनी बुडायला आली. स्वस्ताईच्या भांडणात तिचा पार दम निघाला होता. विमानं कमी झाली, माणसं कमी केली, आता गावातली सेवा बंद होणार असं पेपरात यायला लागलं. काका मशीन थांबवून हिशेब करायला लागले. एकटी नवी उरली की तिकीट वाढणार, बसची माणसं परत बसमध्ये जाणार, आणि बसमध्ये कुठला आलाय पिंजरा?

शेवटी सरकारनं हात दिला. कंपनीला मदत मिळाली, विमान उतरवायचं भाडं माफ झालं, पण अटी घालून. लहान गावांची विमानं बंद करायची नाहीत. फी किती ते तिकिटाबरोबरच सांगायचं, ऐनवेळी नाही. आणि बॅगेचं माप सगळ्या कंपन्यांचं एकच. पंचावन्न, पस्तीस, वीस सेंटिमीटर. पेपरात चौकटीत छापून आलं आणि काउंटरांशेजारी त्या मापाचे नवे पिंजरे आले.

न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "बघा, आपल्या कराच्या पैशावर त्यांची विमानं उडणार."

"उडू देत," काका म्हणाले. "तुझ्याकडे दाढीला कोण येतं? विमानाला निघालेलाच येतो ना?"

न्हाव्यानं त्या दिवशी काकांच्या दाढीचे पैसे घेतले नाहीत.

सरकारचा कागद निघाला त्याच आठवड्यात ती पहिली नर्स आली. आता ती नर्सिंगच्या शाळेत शिकवायची, सगळ्या तिला मोठ्या सिस्टर म्हणायच्या. तिच्या अडतीस मुलींना एकाच हॉस्पिटलात नोकऱ्या लागल्या होत्या आणि एकाच विमानानं, जुन्या कंपनीच्या, त्या जाणार होत्या. बहुतेकींचा पहिलाच विमानप्रवास. "काका, अडतीस बॅगा. पोरींच्या हातात पहिल्या पगारापर्यंतचे मोजके पैसे आहेत. फीचा एक रुपया द्यावा लागायला नको."

"कागद घालतो ना," काका म्हणाले.

पंधरा दिवस घरात जेवण उभ्या उभ्या झालं. काकांनी पेपरातलं माप भिंतीला चिकटवलं होतं आणि टेप लावून कापड कापत होते. काकू पट्टे शिवता शिवता म्हणाल्या, "एकदा जाऊन नवा पिंजरा मोजून या की. नेहमी जाता."

"अगं, सरकारनं छापलेलं माप आहे. त्याला काय मोजायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मापकाका न मोजता मापावर विश्वासले. सरकारनं आपल्यासाठी एवढं केलं आणि आपण त्याच्या आकड्यावर संशय घ्यायचा, हे त्यांना बरं वाटेना. माणूस उपकाराखाली दबला की असा भोळा होतो.

जायच्या दिवशी सकाळी काका स्वच्छ शर्ट घालून विमानतळावर गेले. अडतीस मुली, अडतीस निळ्या बॅगा, ओळीत. काकांची छाती फुगली. काउंटरवर तीच, 'घेऊ दे रे' म्हणणारी बाई होती, आता तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्या मागं मुख्य ऑफिसातून आलेला एक साहेब हाताची घडी घालून उभा होता. मदतीच्या अटी नीट पाळल्या जातात की नाही हे बघायला तो आला होता.

पहिल्या मुलीनं बॅग पिंजऱ्यात ठेवली. बॅग अर्धी गेली आणि थांबली. मुलीनं दाबली. ताईनं हलकेच हात लावला, साहेबानं घसा खाकरला, ताईनं हात काढून घेतला. दुसरीची बॅग ठेवली. तीही अडली. तिसरी, चौथी, सगळ्यांची तीच गत. ओळीतल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या आणि एकीनं खिशातून कागद काढून मोठ्या सिस्टरना दाखवला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. अडतीस बॅगांची फी म्हणजे मशीन, दुकान आणि काकूंच्या बांगड्या, सगळं मिळून पुरलं नसतं. पण त्याहून वाईट म्हणजे त्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या. काका पुढं झाले, टेप काढली, बॅगेला लावली. बरोबर पंचावन्न. पिंजऱ्याला लावली. साडेत्रेपन्न.

"तुमचा पिंजरा लहान आहे," काका म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सरकारनं पंचावन्न सांगितलंय. तुम्ही दीड सेंटिमीटर खाल्लंत."

साहेब रागावला नाही. त्यानं आपल्या बॅगेतून पोलादी टेप काढली आणि पिंजऱ्याला लावली. पंचावन्न. मग ती काकांच्या टेपशेजारी काउंटरवर पसरली. दोन्ही शून्यं एका रेषेत होती. पुढं पुढं जाता काकांचे आकडे मागं पडत गेले, आणि पोलादी पंचावन्नच्या समोर काकांचे साडेत्रेपन्न आले.

वर्षानुवर्षं ओढून ओढून कापडी टेप ताणली होती. आजवर हे कळायचं कारणच नव्हतं. काका त्याच टेपनं पिंजरा मोजायचे आणि त्याच टेपनं बॅग कापायचे, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घ्यायच्या. छापलेल्या आकड्यावरून कापलेल्या या पहिल्याच बॅगा होत्या. काकांच्या हे सगळं एका क्षणात लक्षात आलं आणि ते खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी आहे. फी माझी."

"थांबा काका," ताई म्हणाली. तिनं साहेबाकडं वळून विचारलं, "साहेब, काउंटर बंद व्हायला अजून पाऊण तास आहे. तोवर बॅग लहान करून आणली तर नियमात बसतं ना?"

साहेबानं विचार केला. "बसली तर बसली. पण विमान थांबणार नाही."

"ऐकलंत ना?" ताई काकांना म्हणाली. "लागा."

काकांनी हिशेब केला. प्रत्येक बॅगेची एक बाजू दोन बोटं आत दुमडायची आणि वरून खालून टाके घालायचे. एका बॅगेला त्यांना वीस मिनिटं. म्हणजे दोन बॅगा, फार तर तीन. हे त्यांनी मोठ्या सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या बाईनं त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी काहीतरी अगदीच बावळटासारखं सांगितलं.

"काका, या अडतीसजणी तीन वर्षं काय शिकल्या माझ्याकडे? माणसाचं कातडं शिवतात त्या. तुमची ताडपत्री शिवता येणार नाही का?"

रखवालदार आपण होऊन रस्ता ओलांडून पळाला आणि काकूंना घेऊन आला. काकूंनी सुयांची अख्खी पेटी, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, दोन कात्र्या आणि खडू असं सगळं ओच्यात घालून आणलं होतं. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी 'मी म्हटलं होतं' हे वाक्य गिळलं. ते गिळायला किती कष्ट पडतात हे संसार केलेल्यालाच कळेल.

मग विमानतळाच्या फरशीवर जे चाललं ते त्या हॉलनं आधी पाहिलं नसेल. एकेका बॅगेवर दोघी, एक दुमड धरायची, दुसरी टाके घालायची. काका साहेबाची पोलादी टेप मागून घेऊन गुडघ्यांवर सरकत खडूच्या रेघा मारत होते. "बारीक टाका नको, लांब घाला." "गाठ आतून." मोठ्या सिस्टर मागून फिरत होत्या आणि परीक्षा असल्यासारख्या दरडावत होत्या. "हा काय टाका? पेशंट घरी जाईल का असा?" एक मुलगी हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि काकांना त्या हसण्यानं एवढं बळ आलं की त्यांनी दोन बॅगा एकट्यानं पुऱ्या केल्या. दुसऱ्या विमानाला निघालेल्या एका आजीबाईंनी तर न विचारताच सुई घेतली.

पाच मिनिटं उरली तेव्हा पस्तीस बॅगा पिंजऱ्यातून आरपार गेल्या होत्या. तीन राहिल्या. काकांनी खिशात हात घातला. तेवढ्यात मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पोरींनो, उरलेल्या तिघींचं सामान वाटून घ्या." कुणी स्वेटर घेतला, कुणी पुस्तकं, कुणी चपला. तीन रिकाम्या बॅगांच्या घड्या करून तिघी त्या बगलेत मारून पुढं झाल्या. साहेबानं नियमाचं पुस्तक चाळलं. घडी केलेल्या कापडाला फी लावायची सोय त्यात नव्हती.

अडतीसही मुली आत गेल्या. शेवटचीनं मागं वळून हात केला. काकांचा जीव भांड्यात पडला आणि ते तिथंच बाकावर बसले. काकू फरशीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचत होत्या.

विमान उडाल्यावर ताई दोन कागदी कपांत चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. काका म्हणाले, "ताई, चार वर्षांत पहिल्यांदा माझी बॅग अडली. आज तुम्ही नसता तर मी संपलो होतो."

ताईनं चहा फुंकला. "पहिल्यांदा नाही हो काका."

"म्हणजे?"

"बॅग तुम्ही मापात शिवता. भरणारी माणसं कुठं मापात भरतात? काकूंना विचारा, अख्खा संसार कोंबतात. आठवड्याला दोन-तीन तरी अडायच्या. मग मी कुणाला म्हणायची, आजी, तो स्वेटर अंगात घाला. कुणाला पुस्तक हातात घ्यायला लावायची. कधी नुसती गुडघ्यानं दाबायची. शेजारच्या नव्या कंपनीच्या मुलीलाही मी हेच शिकवलं. आज साहेब उभे होते म्हणून हात काढावा लागला."

काकांच्या हातातला कप थांबला. चार वर्षांचा तो अभिमान त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. ज्यांच्या पावत्या कधी आल्याच नाहीत त्या सगळ्या बॅगा गेल्या. "आणि वरच्यांनी काही म्हटलं नाही तुम्हाला?"

"दर महिन्याला म्हणतात. तुमच्याकडे बॅगेची फी सगळ्यांत कमी का जमते, असं विचारतात. मी सांगते, गावात एक बॅगवाले आहेत, त्यांचं माप चोख आहे."

"मला एकदा तरी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही तो कागद घालायचं बंद केलं असतं," ताई म्हणाली. "तुमच्या आधी माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी रडायचं. पैसे मला घ्यावे लागायचे आणि ते तोंड घेऊन मला घरी जावं लागायचं. तुमचा कागद खिशात असलेली माणसं न घाबरता येतात, काका. या नोकरीत मी टिकले ती त्यामुळे."

इतकी वर्षं ते विमानाकडे बघून आभार मानत आले होते. आता शेजारी बसलेल्या बाईकडे बघून ते म्हणाले, "ताई, तुमची बॅग कोण शिवतं?"

"माझी? मी कुठं जातेय, काका? मी विमानात कधी बसलेच नाही."

काकांनी काकूंच्या हातातून खडू घेतला. "उभ्या राहा जरा," ते म्हणाले. "पट्ट्यासाठी खांद्याचं माप घेतो. जाल तेव्हा जाल, बॅग तयार पाहिजे."

ताई उभी राहिली. साहेबाची पोलादी टेप अजून काकांकडेच होती.